पाणबुडीत राहिलेला डबा

शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही कधीकधी एक साधा प्रश्न विचारतो. एक लाकडी पेटी शेतात पुरली आणि तशीच दुसरी पेटी खोल समुद्राच्या तळाशी ठेवली, तर कोणती जास्त काळ टिकेल? बहुतेकांची उत्तरे समुद्राच्या बाजूने येतात. त्यांची कारणेही पटण्यासारखी असतात. तिथे सूर्यप्रकाश पोचत नाही. पाणी शीतकपाटातल्यासारखे थंड, दोन ते चार अंश सेल्सिअसचे. शिवाय दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढत जातो, म्हणजे दोन हजार मीटरवर तो दोनशे वातावरणांइतका होतो. अशा ठिकाणी वाळवी कुठून येणार आणि बुरशी तरी कशी वाढणार?

हे उत्तर चुकीचे आहे, पण अडाणीपणाचे मात्र नाही. अनेक शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी शंभरहून अधिक वर्षे थोड्याफार फरकाने असाच विचार केला. त्यानंतर १९६८ ते १९७२ या चार वर्षांत अटलांटिक महासागराच्या एकाच भागात दोन घटना घडल्या. पहिलीवरून असे दिसले की खोल समुद्रात वस्तू जवळजवळ कुजतच नाहीत. दुसरीवरून असे दिसले की तिथे लाकूड काही महिन्यांत पोखरून निघते. दोन्ही निरीक्षणे खरी होती. त्यांचा मेळ कसा बसला, हे पाहण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

तीनशे वावांची रेषा

एडवर्ड फोर्ब्झ या तरुण ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१ साली ‘बीकन’ या जहाजावरून ग्रीसजवळच्या एजियन समुद्राचा तळ खरवडून प्राणी गोळा केले. जसजसे खोल जावे तसतसे प्राण्यांचे प्रकार आणि त्यांची संख्या कमी होत गेलेली त्याला दिसली. त्याचे जाळे सुमारे २३० वावांपर्यंत, म्हणजे ४२० मीटरपर्यंत पोचले होते. (एक वाव म्हणजे सहा फूट.) हा उतरता क्रम पुढे वाढवला तर साधारण ३०० वावांच्या खाली प्राणी नसावेत, असा अंदाज त्याने १८४३ साली मांडला.

आलेखावरची रेषा मोजलेल्या बिंदूंच्या पलीकडे वाढवताना जो धोका असतो तो इथेही होता. एजियन समुद्राचा तळ मुळातच प्राण्यांच्या बाबतीत गरीब आहे. त्याआधी १८१८ साली जॉन रॉसच्या मोहिमेत बॅफिनच्या उपसागरातून, फोर्ब्झच्या रेषेच्या कितीतरी खालून, खोली मोजण्याच्या दोरीला अडकून एक फांद्या-फांद्यांचा तारामासा वर आला होता. पण दोरीला तो वर येताना वाटेत कुठेतरी चिकटला असेल, असे म्हणायला जागा होती. फोर्ब्झ १८५४ साली वयाच्या ३९ व्या वर्षी वारला. त्याने अंदाज म्हणून सांगितलेली गोष्ट पुढे काही काळ नियम म्हणून सांगितली जाऊ लागली.

या नियमाला पहिला मोठा तडा गेला तो तारायंत्रामुळे. सार्डिनिया बेट आणि अल्जीरियातील बोन (आजचे अन्नाबा) यांच्यामध्ये भूमध्य समुद्राच्या तळावर १८५७ साली तार टाकली होती. ती बिघडली, म्हणून फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने १८६० साली तिचे काही तुकडे वर काढले. त्यांवर प्रवाळ, शिंपले असे बरेच प्राणी होते. त्यांपैकी काही सुमारे १२०० वाव, म्हणजे जवळजवळ २२०० मीटर खोलीवरचे होते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आल्फॉन्स मिल्न-एडवर्ड्स याने १८६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या पुराव्याचे बळ कशात होते ते विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. प्रवाळाचा तळ तारेच्या पृष्ठभागावर घट्ट चिकटून, तिच्या गोलाईप्रमाणे वाढलेला होता. वर येताना वाटेत चिकटलेला प्राणी असा वाढत नाही. शिवाय तार कधी टाकली आणि कधी काढली हे ठाऊक असल्याने प्राण्यांचे वय तीन वर्षांहून जास्त नाही हेही कळले. म्हणजे कोणी न ठरवता एक प्रयोग होऊन गेला होता. ठरावीक वस्तू, ठरावीक खोली आणि ठरावीक काळ! पुढे १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगभर फिरून खोल तळांवर सर्वत्र प्राणी असल्याचे दाखवले आणि तीनशे वावांची रेषा कायमची पुसली गेली.

पण ‘तिथे प्राणी असतात’ आणि ‘ते प्राणी वस्तूंचा नाश करतात’ ही दोन वेगळी विधाने आहेत. दुसरे विधान मान्य व्हायला आणखी शंभर वर्षे लागली.

लाकूड खाणारे शिंपले

उथळ समुद्रात लाकडाचे काय होते, हे दर्यावर्दी लोकांना फार पूर्वीपासून माहीत होते. कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांच्या तळाला तेल आणि डांबर देतात, ते उगीच नाही. टेरेडो नावाचा प्राणी लाकडात बारीक छिद्र पाडून शिरतो आणि आत बोटाएवढ्या जाडीचे बोगदे करतो. वरून लाकूड धड दिसते, आतून त्याची चाळण झालेली असते. १७३१ साली हॉलंडमधील समुद्राच्या बांधांचे लाकडी खांब असे पोखरलेले सापडले, तेव्हा देशभर घबराट पसरली होती. हा प्राणी दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्यांच्या कुळातला. त्याची दोन छोटी कवचे डोक्याशी असतात आणि तो त्यांचा कानशीसारखा उपयोग करतो. ब्रिटिश नौदलाने अठराव्या शतकात जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारायला सुरुवात केली, त्याचे एक मोठे कारण हाच प्राणी.

समुद्री तारांनाही त्याच्या भाईबंदांचा उपद्रव झाला. त्या काळच्या तारेत मध्ये तांबे, त्यावर गटापर्चा, त्यावर वाखाचे वेष्टण आणि बाहेर लोखंडी तारांचे चिलखत असे. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा रबरासारखा चीक. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये टाकलेली तारही अशाच प्रकारची होती. चिलखताच्या फटींतून बारीक शिंपले आणि कवचधारी किडे आत शिरत, वाख फस्त करत आणि कधीकधी गटापर्च्यालाही छिद्रे पाडत. एका बारीक छिद्रातून खारे पाणी तांब्यापर्यंत पोचले की संदेश बंद! म्हणून पुढे तारेच्या गाभ्याभोवती पितळेची पातळ पट्टी गुंडाळण्याची पद्धत पडली. ही काळजी मुख्यतः किनाऱ्याजवळच्या उथळ भागासाठी घेतली जाई. खोल पाणी त्या मानाने सुरक्षित समजले जात असे.

तळावर ठेवलेले सांगाडे

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर खोल समुद्राचे महत्त्व एकदम वाढले. १९५६ साली अटलांटिकपार पहिली दूरध्वनीची तार सुरू झाली. तिच्यात गटापर्च्याऐवजी पॉलिएथिलीन वापरले होते. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही अमेरिकेची अणुपाणबुडी १२९ माणसांसह बुडाली आणि सुमारे २६०० मीटर खोल तळावर तिचे तुकडे सापडले. उपकरणे, तारा, दोर, धातू या सर्वांना तिथे दीर्घकाळ राहावे लागणार असेल, तर ते किती टिकतात हे मोजणे आवश्यक झाले.

अमेरिकी नौदलाच्या स्थापत्य प्रयोगशाळेने १९६२ पासून कॅलिफोर्नियाजवळ असे मोजमाप सुरू केले होते. एका लोखंडी सांगाड्यावर निरनिराळे धातू, प्लास्टिके, दोर आणि लाकडाचे तुकडे बांधायचे, तो समुद्राच्या तळावर ठेवायचा आणि काही काळाने वर काढायचा, अशी पद्धत होती. काही सांगाडे सुमारे ७०० मीटरवर, तर काही १६०० ते २००० मीटरवर होते. एक १२३ दिवसांनी काढला, तर एक १०६४ दिवस तळावर राहिला.

निकाल वस्तूगणिक वेगवेगळे आले. साधे पोलाद पृष्ठभागावरच्या पाण्यापेक्षा खोल पाण्यात सावकाश गंजले. खोल पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होता, हे त्याचे प्रमुख कारण. लाकूड आणि वनस्पतीच्या तंतूंचे दोर यांची मात्र दुर्दशा झाली. दोर कुजले आणि लाकूड शिंपल्यांनी पोखरले. प्लास्टिकांना बहुधा काही झाले नाही, पण जिथे प्लास्टिक लाकडाला टेकलेले होते तिथे शिंपल्यांची छिद्रे लाकडातून थेट प्लास्टिकात गेलेली दिसली. त्या शिंपल्यांना प्लास्टिक खायचे नव्हते, ते फक्त वाटेत आले होते.

ही माहिती तांत्रिक अहवालांत प्रसिद्ध झाली. ती अभियंत्यांनी वाचली, जीवशास्त्राच्या वर्गांत मात्र ती फारशी पोचली नाही. सगळ्यांच्या लक्षात राहिली ती दुसरीच गोष्ट.

डबा

वुड्स होल ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील समुद्रविज्ञान संस्था. तिची ‘अ‍ॅल्विन’ नावाची तीन माणसांची छोटी पाणबुडी आहे. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी ती जहाजावरून पाण्यात सोडली जात असताना तिला धरणारे पोलादी दोर तुटले. झाकण उघडेच होते. आतली तिघे माणसे कशीबशी बाहेर पडली आणि पाणबुडी सुमारे १५४० मीटर खोल तळाशी गेली. घाईत दुपारच्या जेवणाचा डबा आतच राहिला.

दहा महिन्यांहून अधिक काळानंतर, १९६९ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणबुडी वर काढण्यात यश आले. आत डबाही सापडला. मेणकागदात गुंडाळलेली मांसाची सँडविचेस भिजली होती, पण दिसायला जवळजवळ ताजी होती. सफरचंदे चांगली होती. थर्मासमधले मांसाचे सूप अजून खाण्याजोगे होते. हे पदार्थ प्रयोगशाळेत आणून तीन अंश तापमानाच्या शीतकपाटात ठेवले, तेव्हा ते काही आठवड्यांतच नासले!

हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तळाशी तापमान तेवढेच होते, तरी दहा महिने काही झाले नाही. म्हणजे केवळ थंडीमुळे अन्न टिकले असे म्हणता येत नाही. संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योगायोगावर न थांबता रीतसर प्रयोग केले. पिष्ट, शर्करा, प्रथिने असे पदार्थ बाटल्यांत भरून त्यांनी काही महिने खोल समुद्रात ठेवले आणि तशाच बाटल्या प्रयोगशाळेत त्याच तापमानाला ठेवल्या. खोल समुद्रातील विघटनाचा वेग दहा ते शंभर पटींनी कमी आढळला. १९७१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्यांना तातडीचे व्यावहारिक महत्त्वही होते. शहरांचा सेंद्रिय कचरा खोल समुद्रात टाकावा, तिथे तो आपोआप नाहीसा होईल, असा विचार त्या काळी होत होता. यानाश आणि सहकाऱ्यांचे प्रयोग सांगत होते की सावध राहा, तिथे कचरा नाहीसा होण्याऐवजी साचत जाईल. समुद्रात कचरा टाकण्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ साली झाला.

डब्याची गोष्ट सोपी, मजेदार आणि लक्षात राहणारी होती. त्यामुळे ती पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत पसरली आणि पसरताना तिचा अर्थही थोडा पसरला. ‘खोल समुद्रात सूक्ष्मजीव हे पदार्थ फार सावकाश कुजवतात’ याचे ‘खोल समुद्रात काहीच कुजत नाही’ असे झाले.

फळ्या

रूथ टर्नर या हार्वर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या शिंपल्यांच्या अभ्यासक. लाकूड पोखरणाऱ्या शिंपल्यांवर त्यांचा हातखंडा होता. १९७१ साली ‘अ‍ॅल्विन’मधून खोल समुद्रात उतरलेल्या त्या पहिल्या स्त्री शास्त्रज्ञ. होय, तीच डब्याची पाणबुडी, दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागलेली. १९७२ साली टर्नर यांनी तिच्या मदतीने त्याच किनाऱ्यापासून दूर १८३० मीटर खोलीवर लाकडाच्या फळ्या ठेवल्या.

अवघ्या १०४ दिवसांनी काढलेल्या फळ्या पोखरून पार कमकुवत झालेल्या होत्या. आत झायलोफागा आणि त्याच्या नात्यातील शिंपल्यांची दाट वस्ती होती. हे टेरेडोचे खोल समुद्रातले भाऊबंद. टर्नर यांनी १९७३ साली त्यांचे वर्णन ‘संधिसाधू’ असे केले. लाकूड नदीच्या पुरातून वाहत येते, भिजून जड होते आणि केव्हातरी कुठेतरी तळाशी बसते. पुढचा ओंडका कुठे पडेल याचा नेम नाही. म्हणून या प्राण्यांची रीतही तशीच आहे. पाण्यात भरपूर पिल्ले सोडायची, लाकूड मिळताच पटकन वाढायचे, लवकर प्रजनन करायचे आणि ओंडका संपण्याआधी पुढची पिढी रवाना करायची.

लाकूड पचवणे हे सोपे काम नाही. त्यातील सेल्युलोज बहुतेक प्राण्यांना पचत नाही आणि लाकडात नायट्रोजन तर अगदीच थोडा असतो. १९८३ साली वॉटरबरी, कॅलोवे आणि टर्नर यांनी टेरेडोच्या कुळातील शिंपल्यांच्या कल्ल्यांमधून असा एक जीवाणू वेगळा काढला, की जो सेल्युलोजचे विघटन करतो आणि पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचे स्थिरीकरणही करतो. गाईच्या पोटातले जीवाणू आणि भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू, या दोघांचे काम एकाच जीवाणूने करावे असा हा प्रकार. पुढे त्याला टर्नर यांच्या गौरवार्थ ‘टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी’ असे नाव मिळाले.

शिंपल्यांनी केलेला भुसा आणि विष्ठा आजूबाजूला पडते, तिच्यावर जीवाणू वाढतात, त्यांच्यावर कृमी, त्यांच्यावर खेकडे आणि तारामासे. जमिनीवरच्या झाडाने साठवलेली सूर्याची ऊर्जा अशा रीतीने अंधाऱ्या तळावरच्या प्राण्यांपर्यंत पोचते.

दोन्ही खरे कसे?

एकाच समुद्रभागात, जवळजवळ सारख्याच खोलीवर, पाव-रोटी दहा महिने टिकते आणि लाकडाची फळी साडेतीन महिन्यांत पोखरून निघते. वास्तविक पाव हा लाकडापेक्षा कितीतरी पचायला सोपा. मग असे का?

उत्तराचा पहिला भाग असा, की डब्यापर्यंत कोणता जीव पोचू शकत होता? अन्न मेणकागदात, कागद प्लास्टिकच्या डब्यात आणि डबा पाणबुडीच्या पोलादी गोळ्यात होता. समुद्राचे पाणी आत शिरले, प्राणी शिरले नाहीत. यानाश यांच्या बाटल्यांनाही प्राण्यांना मज्जाव होता, कारण त्यांना जीवाणूंचाच वेग मोजायचा होता. उघड्यावर ठेवलेल्या अन्नाचे काय होते हे स्क्रिप्स संस्थेतील जॉन आयझॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. मासळीचे आमिष आणि आपोआप छायाचित्रे घेणारा कॅमेरा त्यांनी तळावर सोडला. काही तासांतच तिथे मासे आणि कोळंबीच्या दूरच्या नात्यातील अ‍ॅम्फिपॉड नावाचे छोटे कवचधारी प्राणी यांची झुंबड उडालेली दिसली. डबा उघडा पडला असता, तर बहुधा संस्थेला त्याचा मेणकागदच परत मिळाला असता.

दुसरा भाग जीवाणूंचा. डब्यातील अन्नावरचे जीवाणू जमिनीवरचे, एका वातावरणाच्या दाबात वाढलेले. दीडशे वातावरणांच्या दाबाखाली आणि थंडीत त्यांचे काम थंडावले. मग खऱ्या खोल समुद्रातले जीवाणू असतात तरी कसे? १९७९ साली यायानोस आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५७०० मीटर खोलीवर पकडलेल्या अ‍ॅम्फिपॉडपासून एक जीवाणू वेगळा केला. दोन ते चार अंश तापमानात आणि सुमारे ५०० वातावरणांच्या दाबाखाली तो उत्तम वाढत होता. तिथे त्याची संख्या ४ ते १३ तासांत दुप्पट होई, तर आपल्या वातावरणाच्या दाबात त्यालाच तीन ते चार दिवस लागत. म्हणजे जो दाब आपल्या जीवाणूंना जड जातो, तो त्याला मानवतो. असे जीवाणू तळावरच्या प्राण्यांच्या शरीरांत आणि त्यांच्या अन्ननलिकांत भरपूर असतात. प्राणी वस्तू फोडतो, चघळतो, वाहून नेतो आणि पसरवतो. त्याच्या आतले जीवाणू ती पचवतात.

यानाश यांचे प्रयोग चुकले नव्हते. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर होते. मात्र ते उत्तर लोकांनी दुसऱ्याच प्रश्नाला लावले.

टायटॅनिक आणि एन्ड्युरन्स

१५ एप्रिल १९१२ रोजी बुडालेली ‘टायटॅनिक’ १ सप्टेंबर १९८५ रोजी सुमारे ३८०० मीटर खोलीवर सापडली. पुढच्या उन्हाळ्यात रॉबर्ट बॅलार्ड ‘अ‍ॅल्विन’मधून तिच्यापाशी उतरले. एवढ्या थंडीत जहाज जसेच्या तसे राहिले असेल, अशी आशा पुष्कळांना होती. पण डेकच्या लाकडी फळ्या बहुतेक नाहीशा झाल्या होत्या. पोखरणारे शिंपले आपले काम उरकून निघून गेले होते. सागवानासारख्या टणक लाकडाचे काही भाग तेवढे उरले होते. मुंबईच्या गोदीत सागवानाने बांधलेले आणि १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर आहे, हे इथे आठवते.

पोलादाचे रूप आणखी चमत्कारिक झाले होते. जहाजाच्या कडांवरून तांबूस तपकिरी गंजाचे लांबच लांब लोलक लोंबत होते. बॅलार्ड यांनी त्यांना ‘रस्टिकल’ असे नाव दिले. हा नुसता गंज नाही. लोलक आतून सच्छिद्र आणि पोकळ नळ्यांचा असतो आणि त्यात निरनिराळ्या जीवाणूंच्या वसाहती असतात. बाहेरच्या बाजूला ऑक्सिजन वापरणारे जीवाणू राहतात. आत ऑक्सिजन संपतो, तिथे सल्फेटपासून श्वसनाची गरज भागवणारे जीवाणू राहतात आणि त्यांच्यामुळे तयार होणारे गंधकयुक्त पदार्थ लोखंडाला खातात. १९९१ साली जमवलेल्या नमुन्यातून वेगळा केलेला एक जीवाणू अगदी नवा निघाला आणि २०१० साली त्याचे ‘हॅलोमोनास टायटॅनिकी’ असे बारसे झाले. जहाजाचे लोखंड हळूहळू पुन्हा समुद्राला मिळते आहे. २०२४ च्या मोहिमेत पुढच्या टोकाच्या सुप्रसिद्ध कठड्याचा एक भाग तुटून खाली पडलेला दिसला.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. शॅकल्टन यांचे लाकडी जहाज ‘एन्ड्युरन्स’ २१ नोव्हेंबर १९१५ रोजी अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडाले. ५ मार्च २०२२ रोजी ते ३००८ मीटर खोलीवर सापडले. १०६ वर्षांनंतरही लाकूड शाबूत होते आणि मागच्या बाजूला जहाजाचे नाव स्पष्ट वाचता येत होते!

हे आश्चर्य काही संशोधकांना फारसे वाटले नसावे, कारण त्यांनी तसे भाकीत केले होते. त्यांनी अंटार्क्टिकाच्या समुद्रतळावर देवमाशांची हाडे आणि लाकडाच्या फळ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एक वर्षाहून अधिक काळानंतर वर काढल्या. हाडांवर ओसेडॅक्स या हाडे खाणाऱ्या कृमींची गर्दी होती. (तोंड आणि पोट नसलेला, हाडात मुळे रोवून जीवाणूंच्या मदतीने जगणारा हा प्राणी २००२ साली कॅलिफोर्नियाजवळ एका मृत देवमाशावर प्रथम सापडला.) फळ्या मात्र अगदी स्वच्छ होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा अर्थ सरळ आहे. अंटार्क्टिकाच्या समुद्रात देवमासे आहेत, म्हणून त्यांची हाडे खाणारे आहेत. त्या खंडावर कोट्यवधी वर्षे झाडे नाहीत, म्हणून लाकूड खाणारे शिंपलेही नाहीत. खंडाला वळसा घालणारा समुद्रप्रवाह उत्तरेकडच्या शिंपल्यांच्या पिल्लांना तिथवर सहजी पोचू देत नाही.

थंडी, अंधार आणि दाब टायटॅनिकपाशीही होते आणि एन्ड्युरन्सपाशीही. लाकूड टिकायचे की नाही हे ठरवले ते खाणारा हजर होता की नव्हता याने.

ज्याला कोणी खाणारा नाही

२०१५ साली जर्मन संशोधकांनी पेरूसमोरच्या प्रशांत महासागरातून ४१५० मीटर खोलीवरचा काही कचरा वर काढला. प्लास्टिकच्या पिशवीत एक शीतपेयाचा डबा होता आणि जवळच दह्यासारख्या एका पदार्थाचे प्लास्टिकचे भांडे होते. डब्यावर १९८८ च्या डेव्हिस चषक टेनिस स्पर्धेची छपाई होती, त्यावरून काळाचा अंदाज बांधता आला. वीस वर्षांहून अधिक काळ तळाशी राहूनही प्लास्टिकाचे विघटन झाल्याची खूण नव्हती. त्यावर जीवाणूंची वस्ती झाली होती, पण ती राहण्यापुरती.

लाकूड कोट्यवधी वर्षे समुद्रात पडत आले आहे. तेवढ्या काळात ते शोधणारे, पोखरणारे आणि पचवणारे प्राणी व जीवाणू यांची घडी बसली. प्लास्टिक समुद्रात पडू लागून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ‘समुद्र सगळे पोटात घालतो’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात समुद्राला एकच एक पोट नाही. निरनिराळ्या वस्तूंना निरनिराळी पोटे आहेत आणि काही वस्तूंसाठी ती अजून तयारच झालेली नाहीत.

वर्गात दोनशे वातावरणांचा दाब निर्माण करता येत नाही. पण डबा आणि फळ्या यांच्यातला फरक पावसाळ्यात शाळेच्या आवारात पाहता येतो. वाळलेली एकाच झाडाची पाने सारख्या वजनाची घ्यावीत. काही पाने भाजीच्या नायलॉनच्या मोठ्या भोकांच्या जाळीत बांधावीत, तर काही अगदी बारीक विणीच्या नायलॉनच्या कापडात. दोन्ही पुरचुंड्या मातीत शेजारी शेजारी पुराव्यात. पहिलीत गांडुळे आणि किडे शिरू शकतात, दुसरीत मुख्यतः बुरशी आणि जीवाणूच. दर पंधरा दिवसांनी एकेक जोडी काढून, पाने धुऊन, वाळवून त्यांचे वजन करावे. तिसऱ्या पुरचुंडीत तेवढ्याच वजनाचे प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे ठेवावेत.

वजने फळ्यावर मांडून झाली की मग विद्यार्थ्यांना लाकडी पेटीचा प्रश्न विचारावा. ‘कोणती पेटी जास्त टिकेल?’ याला उत्तर न देता ‘पेटी कुठल्या समुद्रात ठेवली आणि तिच्यापर्यंत कोण पोचू शकते?’ असे कोणी उलट विचारले, तर त्याला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.